डीप स्पेस नाइन : अवांतर भागांच्या जोरावर उभी राहिलेली दीर्घकथा

विज्ञानकथेच्या दूरचित्रवाणी मालिकांविषयी बोलणे निघाले की एक वाद हटकून उपस्थित होतो : प्रत्येक भागात एक गोष्ट सुरू होऊन त्याच भागात संपावी, की पहिल्या भागापासून अखेरपर्यंत एकच कथा क्रमशः चालत राहावी? या वादात दोन्ही पक्ष आपापल्या बाजूची साक्ष म्हणून जी मालिका पुढे करतात, ती म्हणजे ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’. जानेवारी १९९३ मध्ये सुरू होऊन जून १९९९ मध्ये संपलेल्या या मालिकेची ७ पर्वे आणि १७६ भाग आहेत. दीर्घकथेचे चाहते तिच्यातल्या डोमिनियन युद्धाकडे बोट दाखवतात, तर स्वयंपूर्ण भागांचे चाहते तिच्यातले पाच-सहा अप्रतिम सुटे भाग मोजून दाखवतात. ही मालिका अलीकडे पुन्हा एकदा क्रमाने पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, मालिकेला तिचे युद्ध पेलले ते त्याआधीच्या आणि त्याच्या मधल्या, वरवर पाहता कशाशीही संबंध नसलेल्या अवांतर भागांमुळे. आणि जिथे तिने हे अवांतर भाग दूर सारून निव्वळ कथानक पुढे ढकलले, तिथे ती काही वेळा चक्क कमकुवत झाली आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी ध्यानात घ्यावे की, पुढील मजकुरात कथेतील महत्त्वाची वळणे उघड केली आहेत.

मालिकेची मांडणी थोडक्यात सांगायची तर अशी. बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेसियन साम्राज्याने अर्धशतकभर ताबा ठेवला, तिथल्या माणसांना वेठीला धरले, आणि शेवटी माघार घेताना आपले एक अंतराळस्थानक मागे सोडले. ते सांभाळण्यासाठी फेडरेशनने, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघराज्याने, बेंजामिन सिस्को या अधिकाऱ्याला पाठवले आहे. त्याच्या हाताखाली मेजर किरा नेरीस आहे, जी कालपरवापर्यंत कार्डेसियनांविरुद्ध बॉम्ब पेरत होती. स्थानकाजवळच एक वर्महोल सापडते, त्यातून आकाशगंगेच्या पार पलीकडच्या प्रदेशात जाता येते, आणि त्या वर्महोलमध्ये राहणाऱ्या कालातीत जीवांना बजोरचे लोक देव मानतात. स्टार ट्रेकच्या आधीच्या दोन मालिकांमध्ये यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जात असे आणि तिथला प्रश्न सोडवून पुढे निघून जात असे. इथे यानाऐवजी स्थानक आहे. केलेल्या निर्णयाचे परिणाम पाहण्यासाठी तिथे थांबावेच लागते, कारण पुढच्या आठवड्यातही शेजार तोच असतो.

ही मालिका ज्या काळात आली, त्या काळात दीर्घकथा सांगणे हे अमेरिकेत निव्वळ कलात्मक आवडीनिवडीचे काम नव्हते. ‘डीप स्पेस नाइन’ एखाद्या राष्ट्रीय वाहिनीवर एका ठरलेल्या वेळी दाखवली जात नसे. ती सिंडिकेशनमध्ये होती, म्हणजे निरनिराळ्या शहरांतली स्थानिक केंद्रे ती विकत घेत आणि आपल्या सोयीच्या दिवशी, सोयीच्या वेळी दाखवत. पुनःप्रक्षेपणात तर भागांचा क्रम पाळला जाईलच याची शाश्वती नसे. अशा व्यवस्थेत एखादा भाग हुकलेल्या प्रेक्षकाला पुढचा भाग कळलाच पाहिजे, हा धंद्याचा पहिला नियम होता. सर्व पात्रे ४५ मिनिटांनी पुन्हा मूळ जागी आणून ठेवायची, ज्याला या मालिकांचे चाहते ‘रिसेट बटण’ म्हणतात, ती पद्धत याच नियमातून आली. आज आपण एका बैठकीत चार भाग पाहतो आणि मग जुन्या मालिकांतली माणसे इतकी विसरभोळी कशी, याचा अचंबा करतो. पण त्या विसरभोळेपणामागे लेखकांच्या आळसापेक्षा वितरणाचे गणित अधिक होते.

त्या गणिताच्या चौकटीत राहून काय साधता येते, हे पहिल्याच पर्वातल्या ‘ड्युएट’ या भागात दिसते. स्थानकावर एक आजारी कार्डेसियन उतरतो. त्याला झालेला विकार फक्त एका ठिकाणी असलेल्यांनाच झालेला आहे : गॅलिटेप या बजोरी छळछावणीत, तिथल्या खाणीतल्या अपघाताच्या वेळी. किरा त्याला तत्काळ कोठडीत टाकते. आधी तो म्हणतो की आपण तिथे साधे कारकून होतो. मग पुरावे पुढे आल्यावर तो छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचे कबूल करतो आणि आपल्या कृत्यांची फुशारकी मारू लागतो. आणि शेवटी उलगडते की तो खरोखरच कारकून होता. रोज रात्री कानांवर हात दाबून किंकाळ्या टाळणारा हा मरित्झा आपल्या मेलेल्या वरिष्ठाचे सोंग घेऊन मुद्दाम पकडला गेला आहे, कारण आपल्यावर खटला चालला तर आपल्या देशाला अपराध मान्य करावा लागेल असे त्याला वाटते. जवळजवळ सगळा भाग कोठडीच्या आत-बाहेर घडतो. नाना व्हिजिटर (किरा) आणि हॅरिस युलिन (मरित्झा) हे दोघे समोरासमोर बोलत राहतात, याशिवाय त्यात पाहण्यासारखे काही नाही, आणि तेवढे पुरेसे आहे. किरा त्याला सोडून देते, आणि बाहेर पडताच एक बजोरी माणूस, केवळ तो कार्डेसियन आहे एवढ्याच कारणासाठी, त्याच्या पाठीत सुरा खुपसतो.

‘ड्युएट’ पाहण्यासाठी आधीचे काहीही पाहिलेले असण्याची गरज नाही, आणि मरित्झा पुन्हा कधी येत नाही. तरीही किराला हा भाग चिकटून राहतो. सहा वर्षांनंतर हीच स्त्री कार्डेसियन बंडखोरांना गनिमी लढाई शिकवायला जाते तेव्हा ते आपल्याला अशक्य वाटत नाही, याचे बरेचसे श्रेय पहिल्या पर्वातल्या या सुट्या भागाला आहे. कथानकाच्या दृष्टीने दोन्ही घटनांत एकही दुवा नाही. दुवा आहे तो व्यक्तिरेखेत, आणि तो लेखकांनी ठळक करून दाखवलेला नाही.

आता मालिकेचा महाशत्रू जो डोमिनियन, त्याचे नाव पहिल्यांदा कुठे येते ते पाहावे. दुसऱ्या पर्वात फेरेंगी व्यापाऱ्यांचा एक हलकाफुलका भाग आहे. क्वार्क हा बारमालक वर्महोलपलीकडच्या लोकांशी मद्याचा सौदा करायला निघतो, आणि त्या घासाघिशीत कुणीतरी सहज म्हणते की या प्रदेशात धंदा करायचा तर डोमिनियनशी गाठ आहे. नोव्हेंबर १९९३ मधला हा उल्लेख इतका ओझरता आहे की पहिल्या वेळी तो कानांवरून निघून जातो. खुद्द डोमिनियनचे सैनिक त्या पर्वाच्या अखेरीस दिसतात आणि युद्धाला तोंड फुटते ते थेट १९९७ च्या उन्हाळ्यात, पाचवे पर्व संपताना. आजच्या दहा भागांच्या पर्वात शत्रूचे नाव पहिल्या वीस मिनिटांत कळते. इथे ते साडेतीन वर्षे वातावरणात मुरत राहते, आणि मधल्या काळात आपण बेसबॉल, लग्ने, चोऱ्या, धार्मिक निवडणुका आणि एक दोन निखालस टाकाऊ भाग पाहिलेले असतात. स्थानक हातचे जाते तेव्हा आपल्याला चुटपुट लागते, कारण तोवर ते आपल्या ओळखीचे झालेले असते.

या मुरण्याचा सर्वाधिक फायदा झाला तो दुय्यम पात्रांना. नॉग या फेरेंगी पोराचे उदाहरण घ्यावे. पहिल्या भागात तो चोरी करताना पकडला जातो. त्याच पर्वात कळते की त्याला वाचताही येत नाही आणि सिस्कोचा मुलगा जेक त्याला चोरून शिकवतो आहे. तिसऱ्या पर्वात, एका वेगळ्याच कथेच्या पोटात, तो सिस्कोपुढे येऊन उभा राहतो आणि म्हणतो की मला स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे फेडरेशनच्या अंतराळदलात, जायचे आहे. सिस्कोला ही थट्टा वाटते. तो त्याला खोदून खोदून कारण विचारतो, अगदी खांदे धरून विचारतो, तेव्हा नॉगच्या तोंडून निघते की, माझ्या बापाला यंत्रांतले सगळे कळते पण धंद्यातले काही कळत नाही, आणि त्याने आयुष्यभर जे सोसले ते मला सोसायचे नाही. सातव्या पर्वात हाच मुलगा आघाडीवर पाय गमावतो. त्यानंतर लवकरच आलेला ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ हा भाग जवळजवळ पूर्णपणे नॉग आणि होलोस्वीटमधला, म्हणजे आभासी जग उभे करणाऱ्या खोलीतला, एक आभासी गायक या दोघांचा आहे. मालिकेचे नायक त्यात येऊन-जाऊन आहेत. डॉक्टरांनी दिलेला नवा पाय उत्तम चालतो आहे, तरीही नॉग काठी टेकत राहतो आणि युद्ध जिथे पोहोचू शकत नाही अशा बनावट लाउंजमध्ये मुक्काम ठोकतो. कधीकाळी चोरी करणारे पात्र युद्धातल्या आघाताची गोष्ट एकट्याच्या खांद्यावर पेलेल, असा बेत पहिल्या वर्षी कुणी आखला असेल असे वाटत नाही. ऐरन आयझेनबर्गला हे करता आले, कारण मालिकेने त्याला अधूनमधून, निमित्तानिमित्ताने, वाढायला जागा दिली होती.

गॅरक या स्थानकावरच्या हद्दपार कार्डेसियन शिंप्याचेही तेच. अँड्र्यू रॉबिन्सनने तो पहिल्या पर्वात एकदाच साकारला, आणि त्यानंतर दुसरे पर्व येईपर्यंत त्याचा पत्ता नाही. त्याचा खरा तळ ‘द वायर’ या स्वयंपूर्ण भागात दिसतो, जिथे तो डॉक्टर बशीरला आपल्या हद्दपारीच्या परस्परांना छेद देणाऱ्या अनेक हकिकती ऐकवतो आणि त्यांतली खरी कोणती याचा पत्ता लागू देत नाही. वेयून या डोमिनियनच्या गुळगुळीत मुत्सद्द्याची कथा तर आणखी मजेशीर आहे. १९९६ मध्ये तो एका भागापुरता आला आणि त्याच भागात मारला गेला. जेफ्री कोम्ब्सचे काम निर्मात्यांना इतके आवडले की त्याच्या जमातीचे लोक क्लोन असतात असे मागाहून ठरवण्यात आले, आणि वेयून पुनःपुन्हा मरून पुनःपुन्हा येऊ लागला. ही सोय पुढे एका चांगल्या कथेची बीजवस्तू झाली : एक वेयून पश्चात्ताप होऊन पळून येतो आणि दुसरा वेयून त्याच्या मागावर निघतो.

दीर्घकथेचा आराखडा आधीच पक्का असला पाहिजे, असे मानणाऱ्यांनी इथे ‘बॅबिलॉन ५’ आठवावी. ती मालिका साधारण याच काळातली, अंतराळस्थानकावरचीच, आणि तिच्या निर्मात्याने, जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी, तिची पाच वर्षांची कथा एखाद्या कादंबरीसारखी आधी आखली होती. ११० भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. त्या आखणीचे फळ म्हणजे पहिल्या पर्वातल्या भविष्यवाणीचे पुढच्या पर्वांत होणारे उलगडे, जे ‘डीप स्पेस नाइन’ला कधीच जमले नाहीत. आखणीची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. पहिल्या पर्वानंतर मुख्य नट बदलावा लागला. चौथ्या पर्वाच्या वेळी मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागल्यावर उरलेली कथा त्यात घाईने कोंबावी लागली, आणि दुसऱ्या वाहिनीने पाचवे पर्व मंजूर केले तेव्हा सांगण्यासारखे थोडेच उरले होते. ‘डीप स्पेस नाइन’च्या लेखकांनी, विशेषतः आयरा स्टीव्हन बेअर यांच्या हाती सूत्रे आल्यानंतर, जुळवाजुळव करत वाट काढली. स्टुडिओला मालिकेत जान आणायची होती म्हणून चौथ्या पर्वात ‘नेक्स्ट जनरेशन’ या आधीच्या मालिकेतल्या वर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला आणले गेले आणि क्लिंगॉन या लढवय्या जमातीशी भांडण उकरले गेले. जी कथा तिसऱ्या पर्वाच्या शेवटी यायची होती ती चौथ्याच्या मध्यावर ढकलली गेली. हे सगळे कागदावर ओबडधोबड दिसते, पण पडद्यावर वर्फ खपून जातो.

मात्र याच मोकळ्या रचनेत मालिकेचा सर्वात मोठा दोषही आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. ‘हार्ड टाइम’ हा चौथ्या पर्वातला भाग घ्या. स्थानकाचा अभियंता माइल्स ओब्रायन याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवून एक परकी सत्ता त्याच्या मेंदूत वीस वर्षांच्या कारावासाच्या आठवणी काही तासांत भरते. तो सुटून घरी येतो तेव्हा त्याच्या लेखी वीस वर्षे उलटलेली आहेत. तो बायकोशेजारी पलंगावर न झोपता जमिनीवर झोपतो. जेवताना अन्न हळूच बाजूला काढून लपवतो. अवजारांची नावे विसरलेला हा निष्णात मेकॅनिक जेककडून त्यांची उजळणी करून घेतो. कोम मीनीने हे सारे कुठलाही कढ न काढता केले आहे. भागाच्या शेवटी तो शस्त्र स्वतःवर रोखतो, आणि डॉक्टर बशीर त्याला बोलण्यात गुंतवून मागे आणतो. उत्तम भाग. पुढच्या आठवड्यात ओब्रायन ठणठणीत आहे, आणि उरलेल्या तीन वर्षांत त्या वीस वर्षांचा त्याच्यावर काही परिणाम झाल्याचे दिसत नाही. नॉगला ज्या मालिकेने पाय गमावल्यानंतर स्वतंत्र भाग दिला, तिनेच ओब्रायनला हात झटकून कामाला लावले. गोष्ट त्याच भागात संपली, ही माझी तक्रार नाही. ती तिथेच संपायला हवी होती. पण त्यानंतरच्या एखाद्या भागात, कुठल्याही कथेच्या कडेला, त्याला ताटातला एखादा घास खिशात टाकताना दाखवायला किती सेकंद लागले असते?

युद्धाच्या काळातल्या भागांकडे वळू. सहाव्या पर्वाची सुरुवात सहा सलग भागांनी होते, आणि स्टार ट्रेकने तोवर इतकी लांब उडी घेतली नव्हती. स्थानक शत्रूच्या हाती आहे. जाताना सिस्कोने आपला बेसबॉल मुद्दाम टेबलावर ठेवला आहे, आणि नवा मालक, कार्डेसियन सेनानी डुकाट, तो हातात घेऊन त्याचा अर्थ अचूक ओळखतो : हा माणूस परत येणार आहे. या सहा भागांतला सर्वोत्तम भाग म्हणजे ‘रॉक्स अँड शोल्स’, रॉनल्ड मूर यांनी लिहिलेला. त्यात किराची सकाळ आपल्याला दाखवली जाते. ती उठते, आवरते, शत्रूच्या सैनिकांच्या शेजारून चालत कामावर जाते. सारे शिस्तीत, सुरळीत. बजोर तटस्थ आहे, त्यामुळे ती तांत्रिकदृष्ट्या कुणाची गुलाम नाही. मग एक वृद्ध धर्मगुरू स्त्री या तटस्थतेचा निषेध म्हणून सर्वांसमोर गळफास घेते. त्यानंतर किराची सकाळ पुन्हा दाखवली जाते, जवळपास तशीच, आणि या वेळी तिला आरशात पाहवत नाही. एकेकाळची बंडखोर स्वतः सहकार्य करणाऱ्यांच्या रांगेत कशी जाऊन बसली, हे दाखवायला दिग्दर्शकाने भाषण वापरलेले नाही. त्याने दिनक्रम दोनदा दाखवला आहे. हा भाग सलग कथेतला असूनही त्याला स्वतःचा प्रश्न आहे, स्वतःचा आकार आहे, आणि स्वतःचा शेवट आहे. नुसता ‘मागील भागावरून पुढे चालू’ असे त्याचे स्वरूप नाही. मूर यांनी पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली, आणि तिच्यातल्या परकी ताब्याखालच्या वसाहतीचे भाग पाहताना या सकाळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या सहा भागांचा शेवट मात्र वादग्रस्त आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे. शत्रूची २,८०० जहाजे वर्महोलमधून येत आहेत, सिस्को एकच यान घेऊन त्यांच्यासमोर जातो, आणि वर्महोलमधले देव त्या जहाजांना क्षणात नाहीसे करतात. पाच भाग ताणलेली गाठ अशी एका फुंकरीत सुटावी, याने हिरमोड होतो. लेखकांनी याची किंमत पुढे वसूल केली आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे : देव सिस्कोला बजावतात की या मदतीच्या बदल्यात तुला बजोरवर विसावा मिळणार नाही, आणि शेवटच्या भागात ते खरे ठरते. पण दीड वर्षाने मिळणारी भरपाई त्या रात्रीचा हिरमोड पुसू शकत नाही. सलग कथा सांगणाऱ्याला ही जोखीम कायम असते. सुटा भाग फसला तर एक संध्याकाळ वाया जाते, मालिकेचा कळसाचा भाग फसला तर मागच्या पाचांवरही पाणी पडते.

मला विचाराल तर स्वयंपूर्ण भाग आणि दीर्घकथा यांचा सांधा सर्वात चांगला जुळला आहे तो एप्रिल १९९८ मधल्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागात. सिस्को कॅमेऱ्याकडे पाहत आपल्या खाजगी नोंदीत एक कबुली देतो. दर शुक्रवारी लागणारी मृतांची यादी वाचून तो खचला आहे; तोवर तटस्थ असलेले रोम्युलन साम्राज्य युद्धात उतरले तर पारडे फिरेल; म्हणून तो गॅरकच्या मदतीने डोमिनियनच्या कटाचा एक बनावट पुरावा तयार करतो. लाच, धमकी, गुन्हेगाराची सुटका, जैविक द्रव्याचा गुपचूप व्यवहार, असे करता करता तो पायरीपायरीने खाली उतरतो. रोम्युलन सेनेटर बनावट ओळखतो. मग त्याचे यान फुटते, आणि सिस्कोला कळते की गॅरकने पहिल्यापासून हेच योजले होते. रोम्युलन युद्धात उतरतात, सिस्को ग्लास उंचावतो, स्वतःला समजावतो, आणि नोंद पुसून टाकतो. सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली ही एका बैठकीची शोकांतिका आहे. पण तिच्यातली मृतांची यादी आपल्याला भिडते ती युद्धाच्या मागच्या भागांमुळे, आणि गॅरकवर विश्वास टाकणे म्हणजे काय हे आपल्याला सिस्कोच्या आधी कळते ते ‘द वायर’मुळे. शिवाय सिस्को साकारणाऱ्या एव्हरी ब्रूक्सचा अभिनय, जो इतर वेळी मला कधीकधी जरा जास्त चढ्या सुरातला वाटतो, इथे नेमका जिथे हवा तिथे आहे.

शेवटची सलग कथा तुलनेने विस्कळीत आहे. सुमारे दहा तासांच्या या समारोपात डुकाट शस्त्रक्रिया करून बजोरी शेतकऱ्याचे रूप घेतो आणि बजोरच्या धर्मप्रमुखाला नादी लावतो. दुष्ट आत्मे, गुहा, आगीच्या ज्वाळा असा सगळा मामला आहे, आणि ‘ड्युएट’ लिहिणाऱ्या मालिकेत तो शोभत नाही. एके काळी किरासमोर बसून स्वतःला दयाळू राज्यकर्ता समजणारा डुकाट हा दूरचित्रवाणीवरच्या उत्तम खलपुरुषांपैकी एक होता. त्याचा राक्षस करून लेखकांनी स्वतःचेच नुकसान केले. या उलट डॅमारची कथा. चौथ्या पर्वात डुकाटच्या मालवाहू जहाजावरचा एक सामान्य अधिकारी म्हणून हा इसम दिसला होता, आणि त्याच्या वाट्याला जेमतेम काही वाक्ये होती. पुढे तो खुनी झाला, मग डोमिनियनच्या हातचे बाहुले, मग दारुडा, आणि शेवटी बंडाचा नेता. ‘टॅकिंग इनटू द विंड’मध्ये त्याला कळते की शत्रूने त्याची बायको आणि मुलगा मारला. निरपराध बायकामुलांना मारण्याचा हुकूम देणारी माणसे असतात तरी कशी, असे तो उद्गारतो, आणि शेजारी उभी असलेली किरा त्याचाच प्रश्न त्याला परत विचारते. बजोरवरची पन्नास वर्षे त्या एका प्रश्नात येतात. ‘ड्युएट’मध्ये कार्डेसियन माणसाने मागितलेली कबुली इथे, सहा वर्षांनी, दुसऱ्याच कार्डेसियनाच्या चेहऱ्यावर दिसते, आणि तिथेही भाषण नाही.

आजकाल दहा भागांच्या पर्वाला ‘दहा तासांचा चित्रपट’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि पुष्कळ नव्या विज्ञानकथा मालिका त्या बेताने लिहिल्या जातात. त्यातल्या काही चांगल्याही आहेत. ‘द एक्सपान्स’ने राजकारण आणि भौतिकशास्त्र यांचे भान ठेवून ६२ भाग निष्ठेने चालवले. पण पुष्कळ मालिकांत चौथा भाग आणि सहावा भाग यांतला फरक सांगा म्हटले तर सांगता येत नाही, कारण त्यांना स्वतःचे असे काहीच नसते. सगळे फक्त पुढे जात असते. स्टार ट्रेकच्याच घरातली २०२२ ची ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही त्यावरचा उतारा म्हणून पाहता येईल : प्रत्येक भागाला स्वतंत्र गोष्ट, पात्रांच्या आयुष्यात मात्र सातत्य. तत्त्व बरोबर आहे. अडचण संख्येची आहे. वर्षाला दहा भाग असले की एखाद्या नॉगला चोरीपासून लेफ्टनंटपदापर्यंत नेण्याएवढी मोकळी जागा उरत नाही. दहांपैकी प्रत्येक भाग नायकांसाठीच राखून ठेवावा लागतो. २६ भागांच्या पर्वात लेखकांना पानपूरक भाग लिहावे लागत, आणि त्या सक्तीतूनच कधी डॅमार निघाला, कधी ‘प्रॉफिट अँड लेस’सारखा न पाहवणारा भाग निघाला. दुसरा टाळून पहिला मिळवण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली दिसत नाही.

चित्राच्या दर्जाविषयी पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण तिचे संकलन आणि विशेष दृश्ये व्हिडिओ टेपवर झाली, त्यामुळे डीव्हीडीवर पाहा किंवा स्ट्रीमिंगवर, चित्र जुन्या चौकोनी मापाचे आणि मऊ, काहीसे धूसर आहे. आधीच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून, दृश्ये नव्याने जोडून ती ब्ल्यू-रेवर आणली गेली. ते काम फार खर्चाचे ठरले आणि या मालिकेच्या वाट्याला आले नाही. तिच्यावर २०१९ मध्ये आलेल्या माहितीपटात काही प्रसंग उच्च दर्जात दाखवले होते, ते पाहिल्यावर स्थानकावरच्या भिंतींवरचे ओरखडेसुद्धा किती विचारपूर्वक केले होते ते कळते, आणि अधिकच हळहळ वाटते. मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर अंतराळयुद्धे निराश करतील. कोठडीतली संभाषणे करणार नाहीत.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी सूचना एवढीच की, यादी हाती घेऊन फक्त ‘महत्त्वाचे’ भाग पाहण्याचा मोह टाळावा. अशा याद्या कथानकाला धरून केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत देवांचे शाप आणि जहाजांच्या लढाया सापडतात, आणि जेक नॉगला वाचायला शिकवतो तो भाग गळतो. पहिल्या पर्वातला ‘मूव्ह अलाँग होम’ आणि सहाव्यातला ‘प्रॉफिट अँड लेस’ हे भाग निःशंकपणे वगळावेत. पहिली दोन पर्वे दिवसाला एक भाग या गतीने पाहावीत. सहाव्या पर्वाची सुरुवात आणि सातव्याचा शेवट दोन-तीन भाग मिळून पाहिल्यास चांगले लागतात. ‘हार्ड टाइम’ पाहाल त्या दिवशी मात्र त्याच्या पाठोपाठ दुसरा भाग लावू नका.